भिंतीवरचं बटण

साताऱ्याला गोडोलीतल्या आमच्या घरात, हॉलमधल्या स्विचबोर्डवर जवळजवळ वर्षभर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'हे बटण बंद करू नये.' वरून सेलोटेप. लाइटचं बटण बंद करायला मी घरातल्या माणसांना लेखी मनाई केली होती.

ज्यांनी घरी स्मार्ट बल्ब लावलेत त्यांना हा कागद लगेच कळेल. बाकीच्यांसाठी सांगतो. या बल्बच्या आत एक छोटी चिप असते आणि ती घरच्या वायफायला जोडलेली असते. भिंतीवरचं बटण बंद केलं की चिपची वीजही जाते आणि ॲपमध्ये बल्ब 'ऑफलाइन' दिसायला लागतो. मग तुम्ही पुण्यात बसून कितीही बोट दाबा, काही होत नाही. थोडक्यात, बल्ब स्मार्ट राहावा म्हणून बटणानं कायम चालू राहायचं आणि घरातल्यांनी त्याला हात लावायचा नाही.

माझे वडील वीज मंडळातून लाइनमन म्हणून रिटायर झाले. त्यांची अख्खी नोकरी खांबावर गेली. तो कागद वाचून ते एवढंच म्हणाले, "आरं, बटण दाबायला हात मोडल्यात का आमचं?"

तेव्हा मी हसलो होतो. आता मला वाटतं, माझ्या सगळ्या इंजिनिअरिंगपेक्षा त्या प्रश्नात जास्त दम होता. हा लेख त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आधी माझी बाजू सांगतो. वय अठ्ठावीस. इंजिनिअरिंग सांगलीत केलं, नोकरी पुण्यात. माझी कंपनी बल्ब बनवत नाही, पण बल्ब, पंखे, दाराची कुलपं बनवणाऱ्या कंपन्या आमच्या ग्राहक आहेत. त्यांची उपकरणं दिवसभर जे काही 'बोलतात', ते आमच्या सर्व्हरवर येऊन साठतं. ते साठवणारा कोड लिहिणाऱ्यांपैकी मी एक. म्हणजे मी बाहेर उभा राहून दगड मारत नाहीये. या धंद्यावर माझ्या फ्लॅटचं भाडं निघतं.

दिवाळीच्या बोनसमधून मी सहा बल्ब घेतले. हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पॅसेज, गॅलरी. सोबत आईच्या पलंगाशी चिकटवायला एक बिनतारी बटण, कारण तिचे गुडघे दुखतात आणि रात्री उठून बोर्डापर्यंत जायला नको. सोळा लाख रंग, सूर्यास्ताला आपोआप लागणारा गॅलरीचा दिवा, गणपतीत केशरी आरास. पहिले पंधरा दिवस शेजारीपाजारी बघायला येत होते. आई कौतुकानं सांगायची, "पोरगं पुण्यात बसून हितली लाइट लावतंय."

मग एका रात्री लाइट गेली. पावसाळ्यात आमच्याकडे जाते तशी. रात्री अडीचला परत आली आणि बंद असलेले सहाच्या सहा बल्ब शंभर टक्के उजेडानं, पांढरेफटक पेटले. बऱ्याच स्मार्ट बल्बांची ही मूळ सवय असते. वीज गेली तेव्हा आपण चालू होतो की बंद, याची पर्वा न करता ते वीज आली की पूर्ण पेटतात. वडील उठून बोर्डाकडे गेले, कागद वाचला आणि माझ्यावरच्या भरवशानं परत येऊन तोंडावर टॉवेल टाकून झोपायचा प्रयत्न करत राहिले. मी पुण्यात गाढ झोपलेला, फोन सायलेंटवर. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या घरातली लाइट नीट करणारा माणूस स्वतःच्या घरातली लाइट बंद करायला मुलाच्या परवानगीची वाट बघत सकाळपर्यंत जागा राहिला.

सेटिंग बदलून मी ते दुरुस्त केलं. सेटिंग सापडायला चार स्क्रीन आत जावं लागलं. आपल्या धंद्यात याला 'युजर एज्युकेशन' म्हणतात. चूक आपली, शिकायचं त्यांनी.

एवढ्यावर भागलं असतं तर हा लेख मी लिहिलाच नसता. गैरसोय काय, जुन्या ट्यूबलाइटचीही होती. स्टार्टर फिरवत आपण स्टुलावर उभे राहिलोच आहोत. माझं खरं म्हणणं पुढे आहे.

ॲपमध्ये 'हिस्टरी' असते. कुठला बल्ब किती वाजता लागला, किती वाजता बंद झाला. आमच्या सर्व्हरवर अशा उपकरणाची एक ओळ पडते: उपकरणाचा क्रमांक, वेळ, चालू की बंद, उजेड किती टक्के, हुकूम ॲपवरून आला, बटणावरून की वेळापत्रकातून. दिसायला फारच निरुपद्रवी. मी रोज अशा लाखो ओळी बघतो आणि मला त्यात कधी माणूस दिसला नव्हता. एक दिवस सहज घरची हिस्टरी उघडली तर दिसलं: स्वयंपाकघर, ३ वाजून १२ मिनिटं, चालू. आदल्या दिवशी २:५०. त्याच्या आदल्या दिवशी ३:३०.

आई रोज रात्री तीनला उठत होती.

मी सकाळी फोन केला. "आई, रात्री तीनला का उठलीस?" ती गडबडली. "अगं, बीपीची गोळी घेतेस ना? डॉक्टरकडे जाऊ या का?" दुसऱ्या दिवशी परत फोन. तिसऱ्या दिवशी वडिलांना फोन, "आईकडे लक्ष द्या जरा." मला वाटत होतं मी काळजी करतोय. एखाद्या चांगल्या मुलानं अजून काय करायचं असतं?

दोन-तीन आठवड्यांनी रात्रीच्या नोंदी थांबल्या. सरळ, स्वच्छ रात्री. मला बरं वाटलं. टीममधल्या मित्राला मी हे कौतुकानं सांगितलंही, की बघ, डेटामुळे आईची झोप सुधारली.

संक्रांतीला घरी गेलो होतो. रात्री कधीतरी भांडं पडल्याचा आवाज आला म्हणून उठलो. स्वयंपाकघरात मिट्ट काळोख. फोनचा टॉर्च लावला तर आई ओट्याशी स्टुलावर बसलेली, पायाशी पाण्याचा तांब्या लवंडलेला.

"लाइट का नाही लावलीस?"

"लावली की सकाळी तुझा फोन येतोय."

मला काही बोलता येईना. तीच पुढे म्हणाली, "पन्नाशी उलटल्यापासनं माझी झोप अशीच हाय. उठायचं, घोटभर पाणी प्यायचं, जरा बसायचं. तेवढाच येळ माझा माझा असतो. तुझ्या आजीचीबी झोप अशीच होती, पर तिला कुणी रोज इचारत नव्हतं."

म्हणजे आईची झोप सुधारली नव्हती. ती अंधारात चालायला शिकली होती. गुडघेदुखीसाठी मी जे बटण तिच्या उशाशी चिकटवलं होतं, ते न दाबता ती भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत जात होती. मुलाला कळू नये म्हणून. आणि तिकडे माझ्या स्क्रीनवर सगळं छान दिसत होतं.

आता वाद घालू या.

पहिला मुद्दा असा येईल की ही माझी चूक, बल्बची नाही. मी हिस्टरी बघायला नको होती. मान्य, माझी चूक आहेच. पण दिवा लावल्याची नोंद ठेवणारी वस्तू घरात आली की ती नोंद कुणीतरी बघणारच. कधी मुलगा, कधी नवरा, कधी सासू, कधी घरमालक. आपल्याकडे घरातलं ॲप साधारण एकाच माणसाच्या फोनमध्ये असतं, आणि तो माणूस बहुधा घरातला तरुण पुरुष असतो. पासवर्ड त्याचा, अकाउंट त्याचं. बाकीचे 'गेस्ट'. आई पस्तीस वर्षं ज्या घरात राहते तिथल्या दिव्यांच्या यादीत मी तिला गेस्ट म्हणून ॲड केलं होतं. हा शब्द स्क्रीनवर मी स्वतः निवडला होता आणि तेव्हा मला त्यात काहीही खटकलं नव्हतं.

दुसरा मुद्दा, वीज वाचते. हिशोब करू. नऊ वॅटचा एलईडी रोज पाच तास जळला तर महिन्याला १.३५ युनिट. स्मार्ट बल्ब 'बंद' असतानाही हुकमाची वाट बघत जागा असतो. युरोपातल्या नियमांनी अशा दिव्यांच्या या जागेपणावर अर्ध्या वॅटची मर्यादा घातली आहे. तोच आकडा धरू. दिवसाचे उरलेले एकोणीस तास, अर्धा वॅट, तीस दिवस म्हणजे महिन्याला जवळपास ०.२९ युनिट. म्हणजे तुमच्या घरी तो दिवा रोज तासाभराहून जास्त वेळ विसरून चालू राहत असेल, तरच हा बल्ब स्वतःच्या जागरणाचा खर्च भरून काढेल. वीज खरोखर कशानं वाचली ते आपल्याला माहीत आहे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत देशभर छत्तीस कोटींहून जास्त साधे एलईडी बल्ब वाटले गेले. घाऊक खरेदीत बल्बचा दर २०१४ साली ३१० रुपये होता, तो दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आला. त्या बल्बला ना पासवर्ड होता ना ॲप. आपल्या पिढीनं पाहिलेली दिव्यांमधली सगळ्यात मोठी क्रांती भिंतीवरच्या जुन्या बटणावरच झाली.

तिसरा मुद्दा जरा वजनदार आहे. लोक म्हणतात, वीज तरी कुठे तुझ्या हातात आहे? तीही लांबून येते, तिथेही कुणी बटण दाबलं की तुझं घर अंधारात. खरं आहे. आमच्याच जिल्ह्यात पाटण तालुक्यात कोयनेचं धरण आहे. एकूण १९६० मेगावॅटचा प्रकल्प. त्या विजेसाठी कोयनाकाठच्या माणसांनी गावं सोडली आणि पुनर्वसनासाठी त्यांच्या पुढच्या पिढ्यांनाही आंदोलनं करावी लागली. तेव्हा उजेड कधीच फुकट आणि स्वतंत्र नव्हता, हे साताऱ्याच्या माणसाला कुणी शिकवायला नको.

पण फरक बघा. विजेच्या त्या लांबलचक साखळीत प्रत्येक ठिकाणी एक माणूस आहे ज्याला आपण जाब विचारू शकतो. वायरमन आहे, त्याचं ऑफिस आहे. दरवाढ करायची तर वीज नियामक आयोगापुढे जावं लागतं आणि तिथल्या सुनावणीत कुणीही ग्राहक उभा राहून हरकत घेऊ शकतो. लाइट गेली की माझ्या लहानपणी लोक थेट आमच्या दारात येऊन वडिलांना उठवायचे, कधी शिव्याही द्यायचे. वडील चिडायचे, पण जायचे. आता बल्बच्या कंपनीनं उद्या सर्व्हर बंद केला तर तुम्ही कुणाच्या दारात जाणार? तुम्ही तर पहिल्याच दिवशी न वाचता 'आय ॲग्री' दाबलंय.

सर्व्हर बंद होणं ही माझी कल्पना नाही. गूगलच्या नेस्टनं विकत घेतलेला रिव्हॉल्व्ह नावाचा हब मे २०१६ मध्ये बंद केला गेला. लोकांनी पैसे मोजून घेतलेलं यंत्र एका दिवसात निकामी. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या अमेरिकन कंपनीचे सर्व्हर असेच अचानक गप्प झाले. शेवटी काही ग्राहकांनीच ती कंपनी विकत घेऊन सेवा पुन्हा सुरू केली, तेव्हा कुठे त्यांची घरं जागी झाली. २०२५ मध्ये बेल्किननं वीमो या आपल्या उपकरणांचा ॲप आणि क्लाउडचा आधार ३१ जानेवारी २०२६ ला थांबवणार म्हणून जाहीर केलं. यातली कुठलीही वस्तू झिजली नव्हती, जळली नव्हती. फक्त दूर कुणीतरी ठरवलं की आता परवडत नाही.

वस्तू विकल्यानंतरही तिची चावी विकणाऱ्याच्या खिशात राहते, हा या धंद्याचा गाभा आहे. मी आतला माणूस आहे म्हणून सांगतो, बल्ब क्लाउडशिवाय चालवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. फोन आणि बल्ब एकाच खोलीत, एकाच वायफायवर असतात. पलंगावरून दाबलेला हुकूम चार फुटांवरच्या बल्बला जाण्यासाठी मुंबई-सिंगापूर करून यायची काहीच गरज नाही. घरातल्या घरात चालणारे बल्ब आहेतही, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेलं मॅटर हे मानक बऱ्याच अंशी त्यासाठीच आहे. पण घरातल्या घरात चालणाऱ्या बल्बची नोंद सर्व्हरवर साठत नाही. आणि नोंद साठली नाही तर माझ्यासारख्यांना पगार कोण देणार?

या सगळ्याचा विचार करताना मला सारखा एक कंदील आठवतो. सांगलीला गावभागात माझी आत्या राहते. तिच्या माळ्यावर 'प्रभाकर' कंदील आहे. कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगले ग्लास वर्क्स हा काचकारखाना १९१६ साली सुरू झाला, त्यांचा हा कंदील. एकेकाळी महाराष्ट्रातल्या घराघरात होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनीसुद्धा उमेदीच्या काळात ओगल्यांच्या मालाची विक्री केली होती. म्हणजे घरात उजेड पोचवण्याचं तंत्रज्ञान आपल्याच मातीत, आपल्याच माणसांनी बनवलं आणि विकलं, ही गोष्ट या भागाला नवी नाही. मी तंत्रज्ञानाच्या विरोधात बोलतोय असं ज्यांना वाटतंय त्यांनी त्या कंदिलाकडे बघावं. वात वर-खाली करायचा खटका, काच उचलायची तार. लहान मूलही बघून शिकेल. काच फुटली तर बाजारात दुसरी मिळायची. एकदा विकल्यावर ओगल्यांना तुमच्या घरी किती वाजता कंदील लागला ते कळत नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून सत्तावन्न फुटांच्या घरात गेलं होतं. आत्या आणि तिचे शेजारी वरच्या मजल्यावर होते. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. खाली काळं पाणी. तिनं माळ्यावरून तो कंदील काढला आणि साठवलेल्या बाटलीभर रॉकेलवर दोन रात्री चालवला. मला कुणी पुन्हा कंदिलावर जायला सांगत नाहीये आणि मीही सांगत नाही. रॉकेलचा धूर काय असतो ते आत्यालाच विचारा. पण अडचणीच्या रात्री वस्तूनं चालायला हवं, घरातल्या कुणाच्याही हातानं चालायला हवं, ही कसोटी त्या कंदिलानं पास केली. माझे सहा बल्ब तर साधी अडीचची लाइट पास करू शकले नाहीत.

आणि एक उदाहरण, सांगली जिल्ह्यातलंच. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. पोरं अभ्यासाला, मोठी माणसं गप्पांना. बातमी जगभर गेली, आणि आपल्यासारख्यांनी 'डिजिटल डिटॉक्स' म्हणून शेअर केली, अर्थात मोबाइलवरूनच. मला त्यात मोबाइल बंद करण्यापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. भोंगाही शेवटी यंत्रच आहे, तोही लोकांच्या घरात हुकूम पोचवतो. पण तो वाजवायचा की नाही हे गावानं ग्रामसभेत बसून ठरवलं. तो सगळ्यांना एकसारखा ऐकू येतो. आणि कुणी मोबाइल बंद केला नाही याची ओळ तो कुठल्या सर्व्हरवर पाठवत नाही. उद्या गावाला नको झाला तर गावच बंद करेल. आमच्या घरात सहा बल्ब आले तेव्हा अशी सभा झाली नव्हती. मी ऑर्डर केली, मी लावले, मी कागद चिकटवला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. ज्याला अंथरुणातून उठता येत नाही, हात हलवता येत नाही, त्याच्यासाठी आवाजावर लागणारा दिवा ही चैन नाही. रात्री लाइट बंद करायला कुणाला हाक मारावी न लागणं ही केवढी मोकळीक आहे हे आपण धडधाकट माणसांनी ठरवू नये. पण मग त्या माणसाचा दिवा तर अजूनच भरवशाचा हवा. इंटरनेट गेलं म्हणून त्याला उजेडात झोपवणारी वस्तू त्याच्यासाठी बनवली होती असं म्हणता येणार नाही.

तेव्हा माझ्यासारख्या, ऑनलाइन सेलमध्ये असे बल्ब कार्टमध्ये टाकून बसलेल्या मित्रमैत्रिणींना माझं सांगणं आहे. घेण्याआधी चार प्रश्न विचारा. भिंतीवरच्या बटणानं तो नेहमीसारखा चालतो का? इंटरनेट नसताना चालतो का? कंपनी बुडाली तरी चालतो का? आणि घरातल्या ज्या माणसाकडे ॲप नाही, तो माणूस कुणालाही न कळता दिवा लावू शकतो का? चारपैकी एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर तुम्ही बल्ब विकत घेत नाही आहात. घरातला उजेड भाड्यानं देऊन वर पाच-सहाशे रुपये भरत आहात. आणि जे माझ्यासारखे अशा वस्तूंचा कोड लिहितात, त्यांनी चौथा प्रश्न मीटिंगमध्ये एकदा तरी मोठ्यानं विचारावा. मी विचारला. "चांगला पॉइंट आहे, पुढच्या तिमाहीत बघू," असं उत्तर मिळालं. ती तिमाही अजून आलेली नाही. मी अजून तिथेच काम करतो. यात शौर्य काही नाही.

घरी मात्र आम्ही बघितलं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी आणि वडील पोवई नाक्यावर गेलो. सहा साधे एलईडी, दोन टू-वे स्विच, थोडी वायर आणि पट्टी घेतली. जिन्याला असतो तोच टू-वे स्विच, खालून लावा, वरून बंद करा. एक स्वयंपाकघराच्या दाराशी, एक आईच्या उशाशी. आपल्या आधीच्या कितीतरी पिढ्या हे वापरत आल्या आहेत. आईच्या गुडघ्यांचा प्रश्न त्यानं सुटत होता आणि चार वर्षं इंजिनिअरिंग करून ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वडिलांनी जोडणी केली, मी स्टूल धरलं. निवृत्तीनंतर इतके खूश मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. शेवटी बोर्डावरचा तो कागद त्यांनी नखानं खरवडून काढला. चिकटपट्टीचा डाग अजून आहे.

आता आई रात्री कधी उठते मला माहीत नाही. रविवारी फोनवर मी विचारतो, "झोप लागते का गं?" कधी ती "लागते" म्हणते, कधी "न्हाई बाबा" म्हणून विषय काढते आणि अर्धा तास बोलते. यातलं खरं किती, खोटं किती, हे तपासायला माझ्याकडे काही साधन उरलेलं नाही. ती सांगेल तेवढं मी ऐकतो.